मालगुजारी तलाव आणि पाणथळीचा कायदा

केंद्र शासनाने २६ सप्टेंबर २०१७ रोजी पाणथळ जागांच्या संवर्धनाचे नवे नियम प्रसृत केले, तेव्हा पाणथळीच्या व्याख्येला अपवादांचे जे शेपूट जोडण्यात आले, ते भंडारा जिल्ह्याच्या मुळावर येईल याची कल्पना ते लिहिणाऱ्यास बहुधा नसावी. नदीचे पात्र, धानाची शेते, आणि पिण्याचे पाणी, मत्स्यसंवर्धन, मीठ, मनोरंजन किंवा सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेली जलस्थाने पाणथळ गणली जाऊ नयेत, असा त्या अपवादांचा आशय आहे. ज्या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा असे नाव पडले, ज्याच्या हद्दीत हजारावर माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी 'मामा तलाव', आहेत, आणि जे कोहळी समाजाने व इतर मालगुजारांनी धान पिकविण्याच्या हेतूनेच माती वाहवून बांधले, त्या जिल्ह्याचे जवळजवळ सारे पाणी या एका वाक्याने नियमांच्या छायेबाहेर पडले.

या प्रश्नावर माझ्या दोन स्नेह्यांचा वाद मी गेल्या हिवाळ्यात, धानाची मळणी उरकल्यानंतरच्या मोकळ्या दिवसांत ऐकला. एक भंडाऱ्याच्या न्यायालयात केस पांढरे केलेले वकील. दुसरे साकोली तालुक्यातील कोहळी शेतकरी, ज्यांच्या पणजोबांकडे तेथील एका मौज्याची मालगुजारी होती आणि ज्यांना गाव अजून पाटील म्हणते. बसलो होतो त्याच मौज्याच्या तलावाच्या पाळीवर. स्नेह जुना असल्यामुळे शब्द तिखट झाले तरी कोणी उठून गेले नाही.

वकीलसाहेबांनी नियमांतील त्या अपवादाचा विषय काढताच पाटलांनी त्यांना अडविले. "तलावाला कायद्याची सावली हवी असे तुम्ही म्हणता, पण सावली नव्हती तेव्हा हा तलाव काठोकाठ भरत होता, आणि कायदे आले तसतसा तो बुजत गेला, याचा उलगडा आधी करा. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ ला तलाव सरकारजमा झाला. मालगुजारी गेल्याचे मला दुःख नाही. त्या अंमलात कुळांनी काय सोसले ते मी घरातच ऐकले आहे. परंतु मालगुजाराबरोबर ज्येष्ठ महिन्यात पाळीवर येणारा माणूसही गेला. ज्याच्या बांधीला पाणी, त्याने पावसाआधी पाळीवर माती टाकावी, पाणी सोडायची तुडूम दुरुस्त करावी, सांडव्यातला पालापाचोळा काढावा, असा शिरस्ता होता. तलाव सरकारचा झाल्यावर लोक म्हणाले, आता सरकारने टाकावी माती. सरकारने काय केले? शंभर हेक्टरांपर्यंत भिजविणारा तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठा पाटबंधारे खात्याकडे, मासळीचे प्रकरण तिसऱ्या दफ्तरात, अतिक्रमणाची तक्रार तहसिलीत. त्यात तुम्ही पर्यावरणाचे आणखी एक दफ्तर उघडणार. तलाव एक, मिसली पाच, आणि पाळीवर माती कोणाचीच नाही."

वकीलसाहेबांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. "पाटील, तुमची कैफियत खरी आहे; पण ती दुर्लक्षाची कैफियत झाली. दुर्लक्षाने तलाव मरायला पन्नास वर्षे लागतात; ले-आउट पडला की तो दोन उन्हाळ्यांत मरतो. तालुक्याच्या गावांजवळचे तलाव पाहा. प्रथम काठावर कचरा, मग कचऱ्यावर मुरूम, मुरुमावर भूखंडांच्या खुणा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी प्रकरणात तळी-तलाव ही समाजाची संपत्ती असून त्यांचे रक्षण जीविताच्या मूलभूत हक्काशी निगडित आहे असे म्हटले. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निर्णयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याच्या योजना करण्यास सर्व राज्यांना फर्मावले. पण हे निर्णय उपयोगी पडतात ते तलाव गेल्यानंतर कज्जा करणाऱ्याला. पाणथळीचे नियम आधीच बोलतात. मागील दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून पन्नास मीटरांच्या आत कायमचे बांधकाम नाही, घनकचरा नाही, प्रक्रियेवाचून सांडपाणी नाही, पाणथळीचे रूपांतर दुसऱ्या कोणत्याही कामासाठी नाही. यात तुमच्या धानाला पाणी सोडू नका, असे कोठे आहे?"

"मग ते नियम आम्हाला लागू का नाहीत?"

"कारण तुमच्या पूर्वजांनी तो बांधला. तो आपोआप झाला असता तर लागू झाले असते."

हे वाक्य बोलताना वकीलसाहेबांचा स्वर चढला. त्यांचे म्हणणे मला अखंडनीय वाटते, म्हणून ते विस्ताराने देतो. इराणातील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी ज्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या आणि ज्यात भारत १९८२ साली सामील झाला, त्याच्या पहिल्याच कलमात पाणथळ जागा नैसर्गिक असो की कृत्रिम, दोन्ही सारख्याच मानल्या आहेत. आपल्या देशाने त्या कराराच्या यादीत प्रारंभीच घातलेले भरतपूरचे केवलादेव हे राजांनी बांध घालून अडविलेले पाणी आहे. महाराष्ट्रातून त्या यादीत पहिल्याने गेलेले नांदूर मधमेश्वर हे तर गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ सिंचनासाठी घातलेल्या दगडी बंधाऱ्यामागे साचलेले पाणी. नाशिक जिल्ह्यातील सिंचनाच्या बंधाऱ्याची पाणथळ जगाच्या यादीत बसते, आणि भंडारा जिल्ह्यातील सिंचनाचा तलाव देशाच्या नियमातसुद्धा बसत नाही, याची संगती कोणत्या न्यायाने लावावी? पक्षी, मासा, कमळाचा कंद यांपैकी कोणीही पाळ कोणाच्या हातची आहे याची विचारणा करून तेथे येत नाही.

"आणि न्यायालयाला ते कळलेले आहे," वकीलसाहेब पुढे म्हणाले. "इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला, त्यातील २,०१,५०३ जागांना २०१० च्या जुन्या नियमांतील तत्त्वांनी संरक्षण द्यावे असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ ला दिला, आणि नवे नियम आल्यावरही तो उठविला नाही. पुढच्या नकाशासंग्रहात ही संख्या २,३१,१९५ झाली, आणि ११ डिसेंबर २०२४ च्या आदेशाने त्या जागांची प्रत्यक्ष पाहणी व सीमांकन करण्यास राज्यांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली. उपग्रहाला सिंचन कळत नाही, पाणी तेवढे कळते. पण पाहणीला आलेला कर्मचारी २०१७ चे पुस्तक हाती धरून आला, तर पहिला प्रश्न हाच करील की हा तलाव कशासाठी बांधला. आणि तुम्ही 'धानासाठी' म्हणालात की त्याचे काम संपले."

पाटील क्षणभर विचारात पडले, परंतु नमले नाहीत. "दिल्लीच्या हुकमावर मी विसंबावे असे तुम्हाला वाटते ना? मग वनशक्ती प्रकरणाचे काय ते सांगा. आधी पर्यावरणाची परवानगी न घेता काम सुरू करायचे आणि मागाहून मंजुरी मिळवायची ही रीत बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ ला सांगितले. आम्हाला आनंद झाला. रेतीघाटाची, खाणीची धूळ खाणारे लोक आम्ही. आणि १८ नोव्हेंबरला तोच निर्णय दोन विरुद्ध एक मतांनी मागे घेतला. पेरणीपासून कापणीपर्यंतही न्याय टिकू नये?"

"न्यायमूर्ती भुयान यांचे विरोधी मतही त्या दिवशी लिहिले गेले, ते वाचा. आजचे विरोधी मत उद्याचा निर्णय होतो, असे आमच्या धंद्यात पुष्कळदा घडते."

"उद्यापर्यंत ले-आउटवर घरे होतात, साहेब. आणि शिक्षा तरी काय? पर्यावरण कायद्यातली कैद जनविश्वास कायद्याने काढून टाकली, आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड. ज्याला तलावाच्या काठी भूखंड पाडून कोटी मिळवायचे आहेत त्याला पंधरा लाख हा खर्चाचा एक आकडा. दहा हजार मात्र मासळी धरणाऱ्या धिवराचे घर मोडतील."

या मुद्द्यावर वकीलसाहेबांना प्रतिवाद करता आला नाही, आणि तो त्यांनी केलाही नाही. दंडाची ही रचना अन्यायाची आहे असे त्यांनी स्पष्ट कबूल केले. परंतु धिवरांचे नाव पाटलांच्या तोंडून केवळ दाखल्यापुरते आले, याचे मला वाईट वाटले. तलावाच्या साऱ्या वादात शेतकरी बोलतो, वकील बोलतो, अधिकारी बोलतो. ज्याची चूल तलावावर पेटते तो धिवर क्वचितच बोलतो. आम्ही बसलो होतो तेथून दीडशे पावलांवर दोन धिवर स्त्रिया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून बेशरमाची झुडपे मुळासकट उपटून काठावर फेकीत होत्या. गुलाबी फुलांची ही परकी वनस्पती एकदा काठाला लागली म्हणजे उथळ पाणी सारे व्यापते. तिच्या गर्दीत ज्या पाणवनस्पतींच्या आधाराने देशी मासे अंडी घालतात त्या उगवत नाहीत. देवधान, म्हणजे रानटी धान, जे धिवरांच्या घरी उपासाला चालते, तेही नाहीसे होते. लिलावात तलाव घेतलेल्या संस्थेचे लक्ष विकत आणून सोडलेल्या रोहू-कतल्यावर असते. मरळ, शिंगी, मागूर यांची चिंता हिशेबाच्या वहीत येत नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, धिवर स्त्रियांनी काही तलावांतील बेशरम काढून तेथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासळी परत आली, हे काम कोणत्याही अधिसूचनेवाचून झाले. पाणथळीचे संवर्धन या शब्दांचा अर्थ एखाद्याला डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर त्याने नियमांच्या पुस्तकाआधी हे काम पाहावे, असे माझे मत आहे.

पुढे बोलणे गाळावर गेले, आणि येथे पक्ष उलटले. राज्य शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचे पाटील समर्थक; तलावातला गाळ शेतात, शेताचे पोट भरते, तलावाचेही. वकीलसाहेब म्हणाले, "यंत्र तलावात उतरले की ते मधोमध खड्डा करते, कारण तेथे त्याला फिरायला सोपे जाते. खालचा चिकणमातीचा थर फाटला की पाणी झिरपून जाते. काठाचा उथळ भाग खोल केला की पाणवनस्पती संपल्या. सारस पक्षी गुडघाभर पाण्यात चरतो. भंडारा-गोंदियाच्या सारसांसाठी नागपूर खंडपीठाने आपण होऊन याचिका दाखल करून घेतली, आणि आपल्या जिल्ह्यात आता ते बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. किती खोदायचे, कोठे थांबायचे, हे ठरविणारा कोणी नको का?"

"हवा. पण तो आमच्या आजोबांच्या वेळी गावातच होता. माती कोठली काढायची हे ज्याच्या बांधीला पाणी लागते त्याला विचारून ठरे."

"आज तो गावात आहे?"

पाटलांनी याचे उत्तर दिले नाही. त्यांनी विषय पावसाकडे वळविला. "रोवणीला पाऊस दडी मारतो आणि धान कापून पडले की येतो. ऑगस्ट २०२० अखेरचा वैनगंगेचा पूर तुम्ही भंडाऱ्यात पाहिलात. वरून संजय सरोवराचे पाणी, खाली गोसीखुर्दची तेहतीस दारे उघडी, आणि मधल्या गावांत घरात कमरेइतके पाणी. मोठ्या धरणांना पैसा कमी पडला नाही. तोच पाऊस वरच्या अंगाला हजारो तलावांत थोडा थोडा थांबला असता, तर एवढा लोंढा एकदम खाली आला असता का? हवामानबदलाचे धोरण म्हणून तुम्ही काय आणता? सौर पॅनेल, २०७० चा संकल्प, कर्बाचे हिशेब. आमच्याकडे धोरण बांधूनच ठेवलेले आहे. त्याची पाळ दुरुस्त करा म्हणजे झाले."

"हेच मी न्यायालयात सांगू इच्छितो!" वकीलसाहेब उत्साहाने म्हणाले. "२१ मार्च २०२४ ला रणजितसिंह प्रकरणात, माळढोकाच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या चौदाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांत आहे असे प्रथमच स्पष्ट म्हटले. २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही राष्ट्रांवर यासंबंधी कायदेशीर कर्तव्ये आहेत असा अभिप्राय दिला. हक्क असेल तर त्याची साधनेही राखली पाहिजेत. तलाव हे त्या हक्काचे साधन. पण ते साधन आहे असे कागदावर कोठे तरी यावे लागते."

महापूर आवरण्यात तलावांचा वाटा नेमका किती, याविषयी पाटलांचा विश्वास मला जरा अधिक वाटला. भरलेला तलाव नवा पाऊस धरीत नाही, आणि भाद्रपदापर्यंत तो बहुधा भरलेलाच असतो. रोवणीच्या व निसवणीच्या वेळच्या ताणात मात्र त्याच्याइतका खात्रीचा आधार दुसरा नाही.

झुडपी जंगलाचे प्रकरण निघाले आणि पाटील खरोखर संतापले. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांतील महसुली दफ्तरांत 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली जमीन वनच होय असा निर्णय दिला; वनव्यवस्थापनास अयोग्य ठरवून शासन जी मोकळी करू पाहत होते ती ८६,४०९ हेक्टर जमीनही त्यात आली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने केलेल्या वाटपांना न्यायालयाने वाट ठेवली. २५ ऑक्टोबर १९८० नंतरची अतिक्रमणे दोन वर्षांत काढावयास सांगितली. पाटलांचे म्हणणे असे की, हे आमचे गुरेचराईचे रान, येथून आम्ही काट्या आणतो, पळसाची पाने तोडतो. आता वनरक्षक येऊन दंडा दाखवील.

"उलटे पाहा," वकीलसाहेब म्हणाले. "तलावात पाणी आणणारा वरचा उतार पुष्कळ ठिकाणी याच झुडपी जमिनीचा आहे. ती गेली असती तर तुमच्या तलावात पाण्याऐवजी माती आली असती. आज विपरीत असे झाले आहे की पाणी देणारा माळ कायद्याच्या आत आणि पाणी धरणारा तलाव कायद्याबाहेर. आणि जमीन वन ठरली म्हणजे २००६ चा वनहक्क कायदाही तेथे चालत येतो, असे मी प्रतिपादन करणार आहे. त्याचे तिसरे कलम काढा. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या नित्य गरजांसाठीच्या वापराचे, सामूहिक हक्क, मग ते जमीनदारीसारख्या मध्यस्थ व्यवस्थेतले का असेनात, त्यात नावाने घातले आहेत. पाण्यातल्या मासळीचा व चराईचाही हक्क आहे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे तुमच्या पणजोबांच्या दफ्तरातले कागद आहेत, पाटील. महसूल संहितेत १९६६ साली विदर्भासाठी ते राखून ठेवले आहेत. नकला काढा."

या कागदांचे नाव ऐकताच पाटलांचा स्वर बदलला. त्यांनी सांगितले की त्यांच्या घरच्या वाजिब-उल-अर्जाच्या नकलेत पाणी कोणी केव्हा घ्यावे, गुरांना कोणत्या घाटावर पाजावे, शिंगाडा कोणी लावावा, अशा नोंदी आहेत. वकीलसाहेबांनी मग नियमांतील एक तरतूद काढली, जी माझ्याही ध्यानात पूर्वी आली नव्हती. पाणथळ अधिसूचित करण्यापूर्वी जे संक्षिप्त टिपण तयार करावे लागते, त्यात तेथील पूर्वापार हक्क व सवलती यांची नोंद करून त्यांतील कोणत्या पाणथळीच्या आरोग्याशी सुसंगत व कोणत्या विसंगत, हे सांगावे लागते.

"म्हणजे वाजिब-उल-अर्जच," पाटील म्हणाले.

"तसेच म्हणा. सिंचनाचा अपवाद निघाला पाहिजे, त्यासाठी मी भांडेन. पण तो निघाल्यावर हे टिपण कोण लिहील?"

"तलाठ्याच्या टेबलावर लिहायचे असेल तर तुमचा कायदा मला नको. ग्रामसभेने लिहावे, आणि धिवरटोलीची बायामाणसे समोर बसवून लिहावे. मासळी कोणती होती हे आम्हाला काय ठाऊक?"

येथे वकीलसाहेबांनी जो प्रश्न केला, तो मित्राला करणे सोपे नव्हते. पाणी ओसरू लागले म्हणजे पाटलांच्या घरची गाळपेर तलावाच्या पोटात होते. लाखोरी आणि हरभरा. नांगर चालतो तो नेमका त्या उथळ काठावर, जेथे देवधान उगवावयाचे आणि पक्षी चरावयाचे. पिढ्यांची वहिवाट आहे. "ही सुसंगत की विसंगत, पाटील? कोणत्या रकान्यात घालू?"

पाटलांनी पाण्याकडे न पाहता समोरच्या आपल्या पेरीकडे पाहिले. "यंदाची लाखोरी उभी आहे, ती घरी येऊ द्या," ते म्हणाले. "पुढची विसंगतात लिहा. पण माझी गाळपेर लिहाल त्याच पानावर वरच्या अंगाला ज्यांनी मुरूम टाकून भूखंड आखले आहेत त्यांचाही गट क्रमांक आला पाहिजे, आणि सही माझ्याआधी त्यांची घ्या."

वकीलसाहेबांनी वही काढून दोन्ही गट क्रमांक विचारले आणि लिहून घेतले.